कझिन, एक पायरी वर

तर तो सिनसिनाटीचा वकील पायरीवर उभा होता आणि व्हर्डी मावशी त्याला खाली उतरायला सांगत होती, इथवर आपण काल आलो होतो. ऑगस्टचं ऊन, घराण्याचा वर्षाचा मेळा, अंगणात दीडशे माणसं, टेबलावर घेवड्याची पातेली नि मक्याच्या पावाची तबकं, आणि या गृहस्थाच्या हातात टाइप केलेली वंशावळ. पायांत पांढरे बूट. आमच्या पॉपॉ ओढ्याच्या खोऱ्यात पांढरे बूट घालून आलेला माणूस एक तर नवरदेव असतो, नाही तर वाट चुकलेला.

तो रागावला होता. त्याचं म्हणणं असं, की त्याच्या कागदावर त्याला मावशीचा 'फर्स्ट कझिन, ट्वाइस रिमूव्ड' लिहिलंय. "मला कुणी काढलं?" तो म्हणाला, "आणि एकदा काढून पोट भरलं नाही म्हणून दुसऱ्यांदा काढलं?"

"कुणी काढलेलं नाही रे बाबा," मावशी म्हणाली. "तू उशिरा आलास, एवढंच. उतर खाली. अजून एक. हं, तिथं उभा राहा. आता बघ, मी इथं वर, तू तिथं. मधे दोन पायऱ्या. तुझं 'ट्वाइस' म्हणजे त्याच त्या."

माणसं हसली, वकीलही हसला, आणि जेवायला बसला तो तीन वेळा वाढून घेऊन उठला.

मावशीच्या घराला पुढं सहा लाकडी पायऱ्या होत्या आणि सगळ्या नात्यांचा हिशोब ती त्यांच्यावरच करायची. वर ओट्यावर म्हातारा-म्हातारी. पहिल्या पायरीवर त्यांची मुलं, सख्खी भावंडं. दुसऱ्या पायरीवर त्या भावंडांची मुलं, ती एकमेकांची फर्स्ट कझिन. तिसरीवर त्यांची मुलं, ती सेकंड कझिन. दोघं एका पायरीवर असले तर काम सोपं. एक वर नि एक खाली असला, तर वरच्याची पायरी धरायची आणि खालचा किती पायऱ्या खाली आहे ते पुढं जोडायचं. झालं. यात बापाकडचं-आईकडचं असा भेद नाही. आमच्याकडं सगळ्यांना मिळून एकच शब्द, कझिन. फरक फक्त पायरीचा.

मी स्वतः त्या खोऱ्यातला नव्हे. डोंगरापलीकडचा. मावशीच्या थोरल्या बहिणीची, नोलाची, मुलगी लॉरीन मी केली, म्हणून इथला झालो. लग्नानंतरच्या पहिल्या मेळ्यात मी मोठ्या हौसेनं मावशीसमोर जाऊन उभा राहिलो आणि विचारलं, माझी पायरी कुठली? तिनं मला टोपीपासून बुटांपर्यंत पाहिलं. म्हणाली, "तू मोजण्यातच नाहीस, हर्शेल. तू नुसता लग्नाचा. पण बस, जेव." पुढची चाळीस वर्षं ती मला ओळख करून देताना 'हा आमचा लग्नाचा' असंच म्हणायची. आणि सांगतो, रक्ताच्या कुणाला सांगितलं नसतं ते तिनं मला सांगितलं, ते बहुधा मी मोजण्यात नव्हतो म्हणूनच.

आता एक गोष्ट ध्यानात घ्या. आमच्या खोऱ्यात एक चूक पिढ्यान् पिढ्या चालत आलेली आहे. आपल्या कझिनच्या मुलाला इथं सगळे सेकंड कझिन म्हणतात. पादरी म्हणतो, मास्तर म्हणतो, थडग्यांवर कोरलेलंही सापडेल. ते चूक आहे. कझिनचं मूल हे फर्स्ट कझिनच, फक्त एक पायरी खालचं. सेकंड कझिन व्हायला दोघं एका पायरीवर लागतात. ही चूक कानावर आली की मावशीला राहवायचं नाही. एकदा अंत्यविधीला पादरी मृताच्या मागं राहिलेल्यांची यादी वाचत होता. "सेकंड कझिन हॉबर्ट," असं तो म्हणाला, तर मागच्या बाकावरून आवाज आला, "फर्स्ट. एक पायरी खाली." पादऱ्यानं चष्मा सारखा केला आणि मुकाट्यानं दुरुस्त करून वाचलं. मी हसू दाबायला गेलो तर लॉरीननं माझ्या मांडीला असा चिमटा काढला की आठ दिवस निळं होतं.

घरी येताना मी म्हटलं, तुझ्या मावशीला त्या एका पायरीचं एवढं काय पडलंय? प्रेत थोडंच उठून हरकत घेणार होतं.  पूल ओलांडला, गिरणी गेली. मग लॉरीन म्हणाली, आईला विचार. मी सांगणार नाही आणि मावशीला तू कधी विचारू नकोस.

माझ्या सासूनं, म्हणजे नोलानं, मला ते सांगितलं ते घेवड्याच्या शेंगा मोडता मोडता, मान वर न करता.

सन अठ्ठेचाळीस. व्हर्डी तेव्हा तेवीस वर्षांची. अंगानं बारीक, चालीनं भरभर, आणि हिशोबात अख्ख्या शाळेत पहिली. एस्टिल गेहार्ट सत्तावीसचा. लढाईवरून परत आलेला, लाकडाच्या गिरणीवर ट्रक चालवायचा, आणि व्हर्डीच्या घरासमोरून जाताना भोंगा वाजवायचा नाही, तर ट्रकचं इंजिनच बंद करायचा. उतारावरून ट्रक आपोआप घरंगळत जायचा. तेवढ्या शांततेत तो तिला काही तरी म्हणायचा. काय म्हणायचा ते नोलाला कधी ऐकू आलं नाही. व्हर्डीचा चेहरा मात्र दिसायचा.

दोघं नात्यातले होते, हे सगळ्यांना ठाऊक होतं. खोऱ्यात नात्यात नसलेलं माणूस शोधायला डोंगर ओलांडावा लागायचा. एस्टिलची आई आणि व्हर्डीची आजी सख्ख्या बहिणी. अकरा भावंडांत आजी सगळ्यांत थोरली, एस्टिलची आई शेंडेफळ. थोरलीला लेकरं झाली तेव्हा धाकटी अजून रांगत होती. म्हणून एस्टिल वयानं व्हर्डीच्या जोडीचा, पण पायरीनं तिच्या आईच्या जोडीचा. लोक त्यांना सेकंड कझिन म्हणायचे. व्हर्डीची आई म्हणायची, एस्टिलची आईही म्हणायची. सेकंड कझिनमध्ये लग्नं सर्रास होत होती. कुणाला त्यात वावगं दिसलं नाही. व्हर्डीच्या आईनं वाळल्या सफरचंदांचा सात थरांचा केक करायला घेतला. असा केक आमच्याकडं लग्नालाच होतो आणि तो मुरायला दोन दिवस लागतात.

सोमवारी सकाळी तिघं ट्रकनं कचेरीच्या गावी निघाली. एस्टिल, व्हर्डी, आणि साक्षीला नोला. परवाना काढायचा, तिथल्याच पादऱ्याकडं दोन शब्द म्हणायचे नि केक कापायला परत, असा बेत. येताना वाटेत एस्टिलच्या बहिणीकडं एक तुकडा द्यायचा म्हणून केक बरोबरच घेतला होता, नोलाच्या मांडीवर. एस्टिल वाटभर बोलत होता. व्हर्डी खिडकीबाहेर पाहत होती आणि तिचे ओठ हलत होते. नोलाला वाटलं, प्रार्थना म्हणतेय.

कारकून चांगला माणूस होता. त्यानं नावं लिहिली, वयं लिहिली, बापांची नावं लिहिली. मग मान वर न करता विचारलं, नात्यातले का?

"सेकंड कझिन," एस्टिल म्हणाला.

"चालतं," कारकून म्हणाला आणि लिहायला लागला.

"नाही साहेब," व्हर्डी म्हणाली.

नोला सांगायची, की त्या खोलीत एक घड्याळ होतं हे तिला तोवर कळलंच नव्हतं.

"याची आई आणि माझी आजी सख्ख्या बहिणी," व्हर्डी म्हणाली. "हा माझ्या आईचा फर्स्ट कझिन. माझाही फर्स्टच. एक पायरी वर."

कारकुनानं लेखणी खाली ठेवली. त्यानं तिच्याकडं पाहिलं, मग एस्टिलकडं, मग परत तिच्याकडं. त्यानं तिला हळू आवाजात समजावलं, की या राज्यात सेकंड कझिनचं लग्न चालतं, त्याहून जवळचं एका केसानंसुद्धा चालत नाही, आणि आता तिनं सांगितल्यावर त्याला ते लिहिता यायचं नाही.  व्हर्डी तिथंच उभी राहिली, दुकानात उरलेली चिल्लर मिळायची बाकी असावी तशी. मग त्यानं तो अर्ज उभा फाडला. रागानं नव्हे, नीट घडीवर.

बाहेर येऊन एस्टिल ट्रकमध्ये बसला, इंजिन सुरू केलं, आणि खिडकीतून तिला म्हणाला, डोंगरापलीकडं व्हर्जिनिया आहे. तिथं हे असलं विचारत नाहीत. टाकी भरलेली आहे, चल. व्हर्डी फुटपाथवर उभी होती, ट्रक धडधडत होता, आणि ती नको म्हणाली. नोलानं ते स्वतः ऐकलं. एस्टिलनं पुन्हा विचारलं नाही.

परतीचे अकरा मैल एस्टिलनं एका दमात काटले. एस्टिलच्या बहिणीच्या घरापाशी ट्रक थांबलाही नाही. केक तसाच नोलाच्या मांडीवर. घरी आईनं तो टेबलावर ठेवला. तीन दिवस त्याला कुणी सुरी लावेना. शेवटी गुरुवारी बापानं कापला आणि सगळ्यांनी उभ्या उभ्या खाल्ला, औषध घ्यावं तसा. त्याच गुरुवारी सकाळी एस्टिल ओहायोला गेला होता. तिथं कागदाच्या कारखान्यात लागला. पुढच्या वसंतात त्यानं तिथल्याच एका मुलीशी लग्न केलं. दोन मुली झाल्या.

एवढं सांगून नोलानं शेंगांचं टोपलं उचललं आणि म्हणाली, "हिशोबात पहिली ना ती. एक दिवस चुकली असती तर काय बिघडलं असतं?"

व्हर्डी मावशीनं लग्न केलं नाही. दोघांनी विचारलं होतं, एक तर भला विधुर होता, तीन गाई आणि स्वतःचा झरा असलेला. नाही म्हणाली. एकतीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात तिनं पोरांना वाढलं. आजही आमच्या खोऱ्यातली म्हातारी होत चाललेली माणसं मक्याच्या पावाचा वास आला की तिचं नाव काढतात. आणि लग्न ठरलं की कचेरीत जायच्या आधी जोडपी तिच्याकडं यायची. मोजून घ्यायला. हे कुणी ठरवलं नव्हतं, आपोआप तशी रीत पडली. ती दोघांना खुर्च्यांवर बसवायची, कॉफी द्यायची, आईची आई कोण, बापाचा बाप कोण विचारायची आणि सांगायची. बहुतेक वेळा चालायचं. एखाद्या वेळी चालायचं नाही. तेव्हा ती खोटं बोलायची नाही. पण जुनं पाकीट उलटं करून त्याच्या पाठीवर व्हर्जिनियाचा रस्ता काढून द्यायची. कुठला फाटा धरायचा, कुठला पूल खचलेला आहे, सगळं. अशी पाकिटं मी स्वतः दोन पाहिली. ती रस्ता काढत असताना मी तिच्याकडं पाहू शकायचो नाही. खिडकीबाहेर बघायचो.

एस्टिल तीन-चार वर्षांनी एकदा यायचा, मे महिन्यात आमच्याकडं कबरींवर फुलं ठेवायचा एक रविवार असतो, तेव्हा. उंच माणूस, पुढं वाकलेला. तो आणि मावशी दोन थडग्यांच्या मधल्या वाटेवर उभे राहून बोलायचे. मी एकदा मुद्दाम जवळून गेलो. टोमॅटोबद्दल बोलत होते. यंदा किडीनं किती खाल्ले, राख टाकून काही फरक पडतो का. पुढच्या वेळीही टोमॅटोच. त्याची बायको चांगली होती. ती मावशीला नेहमी म्हणायची, तुम्ही कधी तरी आमच्याकडं राहायला या. मावशी म्हणायची, येईन. गेली कधीच नाही.

मग एक्क्याण्णव साल. माझा थोरला ओहायोत होता, त्याच्याकडं मी गेलो होतो. कळलं की एस्टिल इस्पितळात आहे, छाती भरलीय. म्हटलं जाऊन येऊ. नाकात नळी, हात बोरीच्या काटक्यांसारखे. मला पाहून हसला. "आला का लग्नाचा," म्हणाला. म्हणजे हे नाव ओहायोपर्यंत पोचलं होतं. थोडा वेळ इकडचं तिकडचं झालं. कुणाची गिरणी बंद पडली, कुणाचा पोरगा वाया गेला. मग त्यानं मुलीला कॉफी आणायला पिटाळलं आणि दार लागेपर्यंत थांबला.

"हर्शेल," तो म्हणाला, "कारकुनानं विचारलं होतं मला. तिला नव्हतं विचारलं. मी उत्तर दिलं होतं, तो लिहीत होता. ती नुसती गप्प बसली असती तर झालं असतं. हे तिला कळत नव्हतं असं कसं म्हणू? तिला सगळ्यांपेक्षा जास्त कळायचं. मग ती बोलली कशाला?"

मी खुर्ची पलंगाजवळ ओढली.

"त्रेचाळीस वर्षं मी एकच धरून चाललोय," तो म्हणाला, "की तिला मी नको होतो, आणि ते तोंडावर म्हणवत नव्हतं, म्हणून तिनं पायरी पुढं केली. नंतर व्हर्जिनियाला चल म्हटलं, तर तेही नको. मग मी तरी काय समजायचं? तू तिला विचार. हो होतं का नाही होतं, एवढंच. नाही असलं तरी चालेल. काय ते माहीत होऊन जायचंय मला."

मी म्हटलं, शनिवारी उत्तर घेऊन येतो. त्यानं माझा हात धरला. त्या काटक्यांत एवढा जोर असेल असं वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, मी पाच तास गाडी हाकत घरी आलो, आणि घरी न जाता तसाच मावशीकडं गेलो. ती ओट्यावर बसून सुईदोऱ्यानं घेवड्याच्या शेंगा ओवत होती, हिवाळ्यासाठी वाळवायला. मी टोपी हातात घेऊन उभा राहिलो आणि एस्टिल जे बोलला ते सगळं तिला सांगितलं. ती ओवतच राहिली. एक माळ संपली, तिची गाठ मारली, दुसरी घेतली. मग विचारलं, "जेवतो का?" मी म्हटलं, फार नाही. तिनं मान हलवली. अर्धी माळ झाल्यावर तिनं सुई शेंगेतच टोचून ठेवली आणि बोलली.

ते उत्तर घेऊन मी शनिवारी निघणार होतो. गुरुवारी सकाळी फोन आला, एस्टिल पहाटे गेला. मी फोन करून त्याला ते सांगू शकलो असतो का? असतो. मंगळवारी, बुधवारी, कधीही. मला वाटलं, असलं काही तारेवरून सांगायचं नसतं, समोर बसून सांगायचं असतं. वीस वर्षं मी हाच विचार करतोय, आणि लॉरीननं मला याबद्दल एक शब्दही कधी सुनावला नाही, हे त्याहून वाईट.

त्याच्या बायकोनं तिथल्या वर्तमानपत्राचं कात्रण पाठवलं. त्यात मागं राहिलेल्यांत शेवटचं नाव होतं, 'सेकंड कझिन व्हर्डी ट्रिप्लेट'. मी ते मावशीला नेऊन दिलं आणि वाट पाहत उभा राहिलो. तिनं ते दोनदा वाचलं. बोट त्या शब्दावर थांबलेलं मी पाहिलं. मग तिनं ते घडी करून बायबलमध्ये ठेवलं. काही दुरुस्त केलं नाही.

ती त्यानंतर सात वर्षं जगली. जोडपी येतच राहिली, ती मोजतच राहिली.

मी गोष्टीत थोडं मीठ टाकतो, हे घरच्यांना ठाऊक आहे, तुम्हालाही कळलं असेल. वकिलाचे बूट कदाचित पांढरे नसतीलही. पण त्या मंगळवारी ओट्यावर मावशी मला जे म्हणाली ते मी जसंच्या तसं सांभाळलंय, एक अक्षर इकडचं तिकडं नाही. ती म्हणाली:

"त्याला सांग, त्या दिवशी ट्रकमध्ये बसल्यापासून मी मोजतच होते. आईकडून मोजलं, त्याच्याकडून मोजलं, तीनदा मोजलं, तेच येत होतं. मला वाटलं, हा कचेरीतला माणूस आहे, कायदा वाचलेला, हा म्हणेल, 'जाऊ दे गं पोरी, एवढ्यानं काही होत नाही.' कुणी तरी मोठ्यानं तसं म्हणायला हवं होतं, म्हणजे मला जन्मभर एकटीला ते मनात ठेवावं लागलं नसतं. तो म्हणाला नाही. आणि व्हर्जिनियाचं म्हणशील, तर मी 'नको' नव्हते म्हणाले, हर्शेल. मी 'आज नको' म्हणाले होते. आईला न सांगता परराज्यात जायचं माझ्याच्यानं होत नव्हतं, आणि नव्या बुटांनी टाचा सोलल्या होत्या. मला वाटलं, रविवारपर्यंत थांबेल. गुरुवारी गेला. पत्र लिहिलं होतं, पण पत्ता कुणाला विचारणार? विचारला असता तर खोऱ्याला कळलं असतं. पत्ता आला तो त्याच्या लग्नाच्या पत्रिकेवर. हो की नाही विचारलंय ना त्यानं? हो. होता. हवा होता. आणि जाशील तेव्हा गावातून पुदिन्याच्या गोळ्या घेऊन जा, त्याला आवडतात. पण हे आधी सांग, आणि शब्द बदलू नकोस."